डोकं जागेवर न्हाय

१० मे, रविवार

फ्लेक्सचा माल पुरवणारा व्यापारी दरवर्षी एक जाडजूड डायरी भेट देतो आणि ती दरवर्षी दुकानातल्या टेबलाच्या आखूड पायाखाली जाते. यंदाची अनुजानं ओढून काढली आणि माझ्यापुढं ठेवली. "ग्रुपवर काय बी टाकायच्या आधी हितं लिवा. सकाळी उठून बी तसंच वाटलं तर मग टाका." डॉक्टरांनी माझं बीपी जास्त सांगितल्यापासून बायकोला डॉक्टरांपेक्षा जास्त कळायला लागलंय.

तर लिहितो. मी विश्वजित. राजारामपुरीत माझं फ्लेक्स छपाईचं दुकान. वाढदिवस, निवड, बारसं, श्रद्धांजली, सगळं एकाच यंत्रावर निघतं. शिवाय राजवीर फॅन क्लबचा संस्थापक अध्यक्ष. राजवीर आमच्या मागच्या गल्लीतलं पोरगं. बोळात प्लॅस्टिकच्या चेंडूनं माझ्या दुकानाची काच फोडणारा हा पोरगा आज लीगमध्ये खेळतो. टीव्हीवरचे लोक त्याच्या नावाआधी 'कोल्हापूरचा' लावतात तेव्हा जणू माझंच नाव घेतल्यासारखी छाती फुगते. ती फुटकी काच मी अजून जपून ठेवली आहे. मी मूळचा फुटबॉलवाला, क्रिकेटमधलं मला फारसं कळत नाही, हे फक्त इथंच लिहितो. पण अभिमान वाटायला कळावंच लागतं असं कुठाय?

या मोसमात तो लवकर बाद होतोय. होतं असं. पण आज एका वाहिनीनं त्याच्या जुन्या प्रशिक्षकांना गाठलं आणि त्यांनी सरळ सांगितलं, "राजवीरचं डोकं जागेवर न्हाय." बस्स. दिवसभर खाली तीच पट्टी फिरतेय. आमच्या पोराला अख्ख्या महाराष्ट्रासमोर येडा ठरवला!

हे प्रशिक्षक म्हणजे आकाराम सर. शाळेत खेळाचे शिक्षक होते, राजवीरच्या हातात पहिली बॅट त्यांनीच दिली. आता निवृत्त होऊन गडहिंग्लजजवळ गावाकडं राहतात.

आणि अडचण अशी की ते माझे सासरे आहेत.

११ मे, सोमवार

सकाळी उठून बी तसंच वाटलं. टाकलं ग्रुपवर.

संध्याकाळी क्लबची तातडीची बैठक. जोतीराम आमचा सचिव. त्याचा आवाज एवढा मोठा की त्याला माईक देत नाहीत. तो म्हणाला, "डोकं जागेवर न्हाय म्हंजे? हवा गेलीया म्हनतोय व्हय डोक्यात? राजवीर अजून गल्लीत आला की म्हाताऱ्या बायांच्या पाया पडतोय!" टाळ्या. मग सगळे माझ्याकडं बघायला लागले. सासरा कुणाचा, हे सगळ्यांना माहीत आहे. जोतीराम म्हणाला, "अध्यक्ष, तुमची अडचण आमाला कळतीया. नसंल जमत तर सांगा, दुसरा अध्यक्ष बघू."

मी उठून उभा राहिलो. म्हटलं, आधी कोल्हापूर, मग सासुरवाडी. असल्या टाळ्या मला माझ्या लग्नातसुद्धा पडल्या नव्हत्या.

घरी आल्यावर अनुजा म्हणाली, "आप्पा क्रिकेटचं बोलत असतील की वो."

"क्रिकेटला हात लागत्यात. डोकं लागतंय फुटबॉलला," मी म्हणालो. उत्तर मला स्वतःला फार आवडलं. ती कुकर लावायला गेली.

१३ मे, बुधवार

चौकात फ्लेक्स लागला. मजकूर माझाच: 'ज्यांचं डोकं ठिकाणावर नाही, त्यांनी राजवीरच्या डोक्यावर बोलू नये!' डावीकडं बॅट उगारलेला राजवीर, उजवीकडं आम्ही पदाधिकारी, जोतीराम गॉगल लावून. सासऱ्यांचं नाव कुठंही घातलेलं नाही, एवढी मर्यादा मी पाळतो. कापड सगळ्यात जाड वापरलं. रिक्षावाले थांबून वाचत होते. एकानं मला ओळखून हाक मारली, "नाद खुळा, अध्यक्ष!" दिवस सोन्याचा गेला.

अनुजानं संध्याकाळी माहेरी फोन केला. मी पेपर वाचत असल्यासारखा ऐकत होतो. फ्लेक्सचं कळल्यावर सासरे रागावले नाहीत म्हणे. फक्त विचारलं, "केवढा हाय? लांबी-रुंदी इचार पावण्यांस्नी."

मी लांबी-रुंदी सांगितली नाही. उद्या पोलिसात अर्ज द्यायचा असेल तर माप लागतंच. मी काय दुधखुळा नाही.

१७ मे, रविवार

आजपासून अधिक महिना. सकाळी सासूबाईंचा फोन, धोंड्याच्या जेवणाला कधी येतासा म्हणून. दर तीन वर्षांनी अधिक येतो, जावयाला बोलावतात, पुरणाचे धोंडे करून घालतात, ओवाळतात, काहीतरी हातावर ठेवतात. आजवर मी एकही अधिक चुकवलेला नाही. सासूबाईंच्या हातचे धोंडे म्हणजे काय असतात ते लिहून कळणार नाही. पण यंदा मी म्हणालो, "बघू मामी. कामं लई हायत."

फोन ठेवला आणि डब्यातली दोन बिस्किटं खाल्ली. तत्त्वाची भूक आणि पोटाची भूक वेगळी, एवढंच.

दुसरी बातमी वाईट. फ्लेक्स चोरीला गेला! पहाटे चौकात बघतो तर नुसता सांगाडा उभा. पलीकडच्या तालमीच्या पोरांचंच काम, त्यांना आमचा राजवीर बघवत नाही. पण एक गोष्ट नवलाची. दोऱ्या कापलेल्या नाहीत, गाठी सोडून नीट गुंडाळून ठेवल्या आहेत. एवढा शिस्तीचा चोर मी पहिल्यांदाच बघितला.

तक्रार करायला अनुजाला उठवायला गेलो तर ती आवरून तयार. पहिल्या एसटीनं गडहिंग्लजला निघाली होती, आप्पांची औषधं द्यायला. बरोबर तिच्याएवढी पिशवी.

"एवढी औषधं?"

"लोनचं बी हाय त्यात," ती म्हणाली.

मी पिशवी रिक्षापर्यंत उचलून दिली. लोणचं भलतंच जड होतं.

२० मे, बुधवार

अनुजा परत आली. चेहरा हसरा, विचारलं तर काही सांगत नाही. एवढंच म्हणाली की आप्पा रोज संध्याकाळी मोबाइल समोर धरून कुणाशी तरी बोलतात आणि मध्येच ओरडतात, "डोकं! डोकं पडतंय बघ! आरं, डोकं!"

मला खरंच काळजी वाटली. भांडण आपल्या जागी, पण माणूस वयस्कर आहे. त्यांचंही बीपी वाढलेलं असणार. म्हटलं, चांगल्या डॉक्टरांना दाखवू या, राजारामपुरीत दवाखान्यांना काय तोटा. अनुजा पदर तोंडाला लावून आत गेली. रडली असावी. शेवटी बाप आहे.

जोतीरामनं दुपारी दुकानात येऊन सांगितलं की राजवीरची काळी गाडी त्यानं गडहिंग्लज रोडला बघितली. दोन सामन्यांच्या मध्ये सुट्टी आहे म्हणे त्याला. मी लगेच फोन लावला, उचलला नाही. जोतीराम म्हणाला, "तिकडं कुटं निघाला आसंल?" मी म्हणालो, आंबोलीला. दुसरं काय आहे त्या बाजूला? थंड हवेत मन मोकळं करायला गेला असणार बिचारा. एका म्हाताऱ्याच्या बोलण्यानं एवढ्या मोठ्या खेळाडूला घाट चढायची वेळ यावी, याचा मला संताप आला.

२४ मे, रविवार

आजचं कसं लिहू कळत नाही. पण डायरीशी खोटं बोलायचं तर ग्रुप काय वाईट होता.

काल राजवीर पुन्हा लवकर बाद झाला आणि क्लबनं ठरवलं: आज चौकात जोडे मारो. सरांचा फोटो खुर्चीवर ठेवायचा आणि पहिला जोडा अध्यक्षांचा.

फोटो अर्थातच माझ्या यंत्रावर. शाळेचा एक जुना फोटो सापडला. मैदानात आकाराम सर वाकून उभे, समोर बॅट धरलेला सात-आठ वर्षांचा राजवीर, आणि सरांचा एक हात त्याच्या हनुवटीखाली. लाडानं धरली असावी. मला फक्त सर हवे होते, म्हणून राजवीरला कापला. हात कापायला जरा वेळ लागला. बोटं हनुवटीला अशी लागून होती की एकाला सोडवताना दुसरा खराब होत होता. शेवटी हातच काढून टाकला. घाईत तयार साच्यात फोटो बसवला आणि छापला.

चौकात ही गर्दी. दोन पोलीसही. जोतीराम ओरडला, "पयला मान अध्यक्षांचा!" मी वाकलो, पायातली चप्पल काढली, हात वर नेला.

आणि चप्पल दिसली. कापशी चप्पल. मागच्या अधिकात धोंड्याच्या जेवणाला सासऱ्यांनीच दिलेली. माझं पाऊल कागदावर ठेवून, पेन्सिल फिरवून माप घेतलं होतं त्यांनी, खाली बसून. जावयाच्या पायाशी सासरा बसलेला बघून मी लाजून पाय मागं घेतला होता, तर म्हणाले होते, "हलू नगासा पावणं, माप चुकंल."

हात वरच राहिला. खाली येईना. सगळा चौक बघतोय. काहीतरी बोलणं भाग होतं. मी चप्पल खाली ठेवली आणि म्हणालो, "आपण सुसंस्कृत मानसं हाय. दोन मिंटं गप उभारून निषेध करू या."

सगळे गप्प उभे राहिले. जोतीरामसुद्धा. आणि तेव्हा माझं लक्ष फोटोकडं गेलं. घाईत घेतलेला साचा श्रद्धांजलीचा होता. चारी बाजूंनी काळी चौकट आणि कोपऱ्यात तेवणारी समई.

समोरच्या फुलवाल्यानं हार आणून घातला. बसमधून उतरलेल्या एक बाई हात जोडून म्हणाल्या, "लई चांगलं मास्तर हुतं, माझ्या भावाला शिकवलं त्यांनी." पोलिसांनी टोप्या काढल्या. कुणीतरी फोटो काढून टाकला आणि मी घरी पोचायच्या आत गडहिंग्लजला सांत्वनाचे फोन सुरू झाले होते. पहिले चार फोन सासऱ्यांनी स्वतःच घेतले म्हणे.

२५ मे, सोमवार

आज अनुजानं बॅग भरली.

"मी जातो गडहिंग्लजला," ती म्हणाली. "आईला सकाळपास्नं लोक भेटाय येऊ लागल्यात. आप्पा दारात खुर्ची टाकून बसल्यात, जित्ता हाय म्हून दाखवाय."

मी म्हणालो, "अगं, मी मारली न्हाय चप्पल."

"ठावं हाय. म्हून तर धोंड्याला या म्हनून सांगतोय. आला न्हाईसा तर मी बी हितं लगेच येत न्हाय." दारापर्यंत गेली आणि वळली. "आनी अध्यक्ष, एकदा आप्पांचं ते बोलनं पुरतं ऐका. पट्टी वाचू नगासा."

मी ऐकलं नाही. खरं सांगायचं तर भीती वाटली. आत्तापर्यंत एवढं केलंय, ते सगळं चुकीचं निघालं तर माणसानं कुठं जायचं? घर रिकामं आहे. भात केला, खाली लागला.

२९ मे, शुक्रवार

शतक! शतक! शतक!

बाद फेरीचा सामना, हरलो तर घरी, आणि आमचा राजवीर शेवटपर्यंत नाबाद! चौकात मोठा पडदा लावला होता. गुलालाची पोती, हलगी, फटाके, कुणी कुणाला मिठी मारतंय कळेना. पलीकडच्या तालमीची पोरं आली आणि आमच्याबरोबर नाचली. मी रडलो. चाळिशीला आलेला माणूस भर चौकात पोरासारखा रडलो आणि लाज वाटली नाही. आमच्या बोळातलं पोरगं!

एक गोष्ट मलासुद्धा दिसली, क्रिकेट कळत नसताना. आज त्याचं डोकं हलत नव्हतं. चेंडू येईपर्यंत मान अशी स्थिर की वर भरलेला तांब्या ठेवला असता तरी थेंब सांडला नसता. आधी तो ऑफच्या बाजूला झुकायचा, हे मला आज तो झुकला नाही तेव्हा कळलं.

मी जोतीरामला म्हणतच होतो की आपल्या आंदोलनानं पोरगं पेटलं. तेवढ्यात पडद्यावर राजवीर आला. माईकवाल्यानं विचारलं, हा बदल कसा झाला. तो हसला आणि सरळ मराठीत बोलला.

"माझं डोकं जागेवर नव्हतं. खेळताना ऑफला पडत होतं, आणि मला दिसतच नव्हतं. आमच्या आकाराम सरांना टीव्हीवर दिसलं. त्यांनी ते जागेवर आणलं. सुट्टीत गावी जाऊन त्यांच्या परसात खेळलो, रोज फोनवर दाखवलं. सर, शतक तुमचं."

हलगी थांबली. अख्खा चौक माझ्याकडं बघायला लागला. जोतीराम पहिल्यांदा हळू आवाजात बोलला. "अध्यक्ष, डोकं म्हंजे... हे डोकं व्हय?" आणि त्यानं स्वतःच्या टाळक्यावर बोट ठेवलं.

घरी येऊन ती मुलाखत काढली. पूर्ण ऐकली. सासरे म्हणतात, "राजवीरचं डोकं जागेवर न्हाय. चेंडू यायच्या आधी ऑफला पडतंय. तेवढं सरळ झालं की ह्या पोराला अडवनारा देशात कोन न्हाय." पट्टीवर पहिलं वाक्य होतं. आम्ही तिथंच थांबलो.

देशात कोण नाही, असं म्हणाले होते ते. माझ्यापेक्षा मोठा चाहता गडहिंग्लजला बसला होता.

७ जून, रविवार

आज धोंड्याचं जेवण.

दारात अनुजा उभी होती. तिनं माझ्या हातातली पिशवी घेतली. सासूबाईंनी पाय धुवायला पाणी दिलं. मी सासऱ्यांच्या पाया पडायला वाकलो आणि उठेचना. काय बोलायचं ते रस्ताभर पाठ केलं होतं, सगळं विसरलो.

"मामा, चुकलं माझं."

"उठा, पावणं," ते म्हणाले. "श्रद्धांजली झकास झालती म्हनं. मानूस गेल्यावर लोक काय बोलत्यात ते मला जित्तेपनी ऐकाय मिळालं. कुनाच्या नशिबात आसतंय ह्ये?" मग माझ्या पायांकडं बघितलं. "चप्पल बरी हाय न्हवं? उचलायला जड झाली म्हनून ऐकलं."

सासूबाई हसायला लागल्या, अनुजा हसली, आणि मग मला हसावं की रडावं कळेना.

जेवायच्या आधी ते मला परसात घेऊन गेले. मातीची खेळपट्टी, दोन्ही बाजूंनी जाळी. आणि स्टंपांच्या मागं, चेंडू अडवायला, ताणून बांधलेला माझा फ्लेक्स! मजकूर मागच्या बाजूला, पांढरी बाजू पुढं. पांढऱ्यावर चेंडूचे लाल ठिपकेच ठिपके. मी मागं जाऊन बघितलं. गॉगल लावलेला जोतीराम माझ्याकडं बघत होता.

"लई दनकट कापड घातलासा," सासरे म्हणाले. "राजवीरचं समदं चेंडू ह्येनंच अडवलं. म्हून तर लांबी-रुंदी इचारलीती."

मी अनुजाकडं बघितलं.

"लोनचं आनलंतं की मी," ती म्हणाली.

मग सासऱ्यांनी माझ्या हातात बॅट दिली. म्हटलं, मामा, मी फुटबॉलवाला. म्हणाले, "उभारा तर." मी उभा राहिलो. ते वाकले आणि त्यांनी माझ्या हनुवटीखाली हात ठेवला. कोरडा, खरबरीत हात. मान जरा उचलली, जरा डावीकडं वळवली. "हितं. हलू नगासा."

तोच हात. मी यंत्रावर कापून टाकलेला. तेव्हा मला वाटलं होतं, लाडानं धरली असेल हनुवटी. लाड होताच, पण त्या हातात अख्खं क्रिकेट होतं, आणि मी त्याला कचऱ्याच्या डब्यात घातलं होतं.

अनुजानं चेंडू टाकला. मी बॅट फिरवली, लागला नाही. मागं फ्लेक्सवर ढप्प आवाज झाला. "न्हाय लागला, पर डोकं हाललं न्हाय," सासरे म्हणाले, आणि मला राजवीरला शतक झालं तेव्हा वाटलं होतं तेवढाच अभिमान वाटला. राजवीर आमच्या गल्लीचा खरा. पण हा माणूस माझ्या घरचा आहे, हे मी कोल्हापूरभर सांगत का फिरलो नाही?

पाच धोंडे खाल्ले. बीपीचं कुणी काढलं नाही.

परत येताना जोतीरामचा फोन. चौकात सांगाडा रिकामा आहे, नवा फ्लेक्स कधी लावायचा, मजकूर काय? सासऱ्यांनी त्यांच्यावर फ्लेक्स करायला सक्त मनाई केली आहे. पण जावयानं सासऱ्याचं ऐकलंच पाहिजे असं शास्त्रात कुठं आहे? मोटरसायकलवर मागं अनुजा होती. तिनं फोन घेतला आणि जोतीरामला सांगितलं, "मजकूर काय न्हाय. नुस्ता फोटो."

आता दुकानात बसून तोच लावतोय यंत्रावर. शाळेचा तो जुना फोटो, पूर्ण. राजवीरसकट, हातासकट.